घरच्या घरी गाणे आणि गिटार: मायक्रोफोन निवडण्याचा योग्य क्रम

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी गाणे आणि गिटार ध्वनिमुद्रित करायचे ठरवले, तेव्हा सर्वांत आधी एक नावाजलेला कंडेन्सर मायक्रोफोन विकत घेतला आणि तो खोलीच्या मधोमध उभा केला. पहिल्या ध्वनिमुद्रणात माझ्या गाण्यापेक्षा शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची घरघर आणि लांबून जाणारी लोकल हेच अधिक ठसठशीत ऐकू आले. मायक्रोफोनमध्ये कसलाही दोष नव्हता. मी क्रम चुकवला होता: जी वस्तू शेवटी निवडायची, ती सर्वांत आधी निवडली होती. खोली कशी आहे, तोंड आणि वाद्य यांपासून मायक्रोफोन किती अंतरावर ठेवता येणार आहे आणि गाणे व वादन एकत्र मुद्रित करायचे आहे की वेगवेगळे, एवढे ठरले की दुकानातल्या शंभर नावांपैकी नव्वद आपोआप गळून पडतात. पुढचे टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत. ते साधी अकूस्टिक गिटार वाजवत गाणाऱ्यांसाठी आहेत. अँप्लिफायरवर वाजणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारचा उल्लेख ओघात येईल तेवढाच.

१. खरेदीपूर्वी खोली ऐकावी

आपण जिथे बसून गाणार आहात, त्याच जागी मोबाइल ठेवून दोन मिनिटे काहीही न बोलता ध्वनिमुद्रण करावे आणि ते हेडफोन लावून ऐकावे. सकाळी, दुपारी आणि रात्री दहानंतर असे तीन वेळा हे केले म्हणजे आपल्या घराचे ध्वनिवेळापत्रक हाती येते. काही मोबाइल पार्श्वभूमीचा आवाज आपणहून दाबून टाकतात, त्यामुळे मोबाइलच्या जोडीला डोळे मिटून स्वतःच्या कानांनीही ऐकावे. पंखा, फ्रिज, जुन्या ट्यूबलाइटचा चोक आणि इन्व्हर्टर हे घरातले चार नेहमीचे अपराधी आहेत, आणि चारही तासभर बंद ठेवता येतात. रस्ता, पाण्याचा पंप आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर यांना मात्र आपल्याला वेळ बदलूनच चुकवावे लागते.

त्यानंतर खोलीत एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आले, तर उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परतवत आहेत असे समजावे. त्यासाठी महागडे फोम आणण्याची घाई करू नये, कारण पातळ फोम वरच्या पट्टीतलाच आवाज शोषतो आणि खोली कोंदट पण घुमणारीच राहते. घरातली जाड गोधडी, भिंतीला टेकवून उभी केलेली कापसाची गादी किंवा कपड्यांनी भरलेले, दारे उघडे ठेवलेले कपाट यांचा उपयोग अधिक होतो. गोधडी कुठे टांगायची, यात बहुतेक जण चुकतात. मायक्रोफोनचे तोंड गायकाकडे असते, म्हणजेच त्याला गायकाच्या पाठीमागची भिंत सर्वांत जास्त ‘दिसते’. म्हणून पहिली गोधडी गायकाच्या पाठीमागे हवी, मायक्रोफोनच्या मागे नव्हे.

चौरस खोलीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या सदनिकांत दहा फूट बाय दहा फुटांच्या खोल्या सर्रास आढळतात आणि त्यांचे छतही जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर अंतर असेल, तर तिथे ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ११२, १६८ हर्ट्झ असे स्वर अधिक घुमतात. गिटारची मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झची असते. म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही मिळून त्याच एका तारेला उचलून धरतात आणि ती तार बाकीच्यांच्या अंगावर चढल्यासारखी वाजते. हा दोष कोणत्याही किमतीचा मायक्रोफोन घेतल्याने जात नाही. खोलीचा नेमका मध्य आणि चारही कोपरे टाळावेत, गिटार एकेक हात अंतराने सरकवून वाजवून पाहावी आणि सर्व तारा साधारण सारख्या वजनाने ऐकू येतील ती जागा खडूने फरशीवर आखून ठेवावी. आमच्या घरी ती जागा कपाटापासून सव्वा हातावर सापडली.

२. काय मुद्रित करायचे, हे लिहून काढावे

आधी गिटार आणि नंतर तिच्यावर गाणे, असे दोन वेगळे थर मुद्रित करणाऱ्याला एक मायक्रोफोन पुरतो. गाता गाता वाजवायचे असेल, तर एका मायक्रोफोनवर भागवणे किंवा दोन मायक्रोफोन आणि दोन वाटा (म्हणजे ते जोडायच्या दोन स्वतंत्र जागा) यांची सोय करणे, हे दोनच पर्याय आहेत. नवख्या माणसाने दोन थरांच्या पद्धतीने सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे गाणे आणि वादन एकमेकांपासून सुटे होऊच शकत नाही, त्यांनी आठवा टप्पा वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

३. डायनॅमिक आणि कंडेन्सर यांतला फरक नीट समजून घ्यावा

डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला चिकटलेले तारेचे बारीक वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यातून वीज निर्माण होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, तो धक्के सोसतो आणि दमट हवेलाही फारसा बधत नाही. कीर्तनापासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत हातात धरलेला दिसतो तो बहुधा हाच. १९६५ सालचा शुअर एसएम-५७ आणि १९६६ सालचा एसएम-५८ ही त्यांतली सर्वांत परिचित नावे असून दोन्ही आजही तयार होतात. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये अत्यंत पातळ पडदा आणि त्यामागची धातूची चकती मिळून एक धारित्र बनते. पडदा हलला की त्याची धारिता बदलते आणि आतले इलेक्ट्रॉनिक मंडल तो बदल विद्युत्-संकेतात रूपांतरित करते. त्यासाठी ४८ व्होल्टची वीज त्याच केबलमधून पुरवावी लागते आणि तिला फँटम पॉवर म्हणतात. पडदा हलका असल्यामुळे गिटारच्या तारेवरचा नखाचा स्पर्श, ओठांची उघडझाप आणि श्वासाची कड कंडेन्सर अधिक बारकाईने टिपतो.

फरक किती आहे, ते आकड्यांत पाहू. तेवढ्याच आवाजाला एसएम-५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी-२०२० हा प्राथमिक श्रेणीतला कंडेन्सर १४.१ मिलिव्होल्ट, म्हणजे साडेसात पटींहून अधिक. यावरून पसरलेला एक समज मीही बराच काळ खरा मानला होता. तो असा की कंडेन्सर ‘लांबचे ओढतो’ आणि डायनॅमिक ‘फक्त जवळचे घेतो’. माझा कंडेन्सर नापास झाल्यावर भजनी मंडळाची ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या एका मित्राने त्याचा पोचे पडलेला डायनॅमिक मायक्रोफोन मला वापरायला दिला, आणि खरोखरच कुकर आणि लोकल जवळजवळ नाहीशा झाल्या. मी खूश झालो. काही दिवसांनी सहज म्हणून कंडेन्सरही तेवढ्याच जवळ आणून गायलो, तर त्यातही त्या जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या. फरक अंतराचा होता. कंडेन्सर मी दोन वितींवर ठेवला होता आणि डायनॅमिक सवयीने चार बोटांवर धरला होता. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आलो की १२ डेसिबल वाढतो, आणि खोलीतला गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. संवेदनशील मायक्रोफोन गाणे आणि गोंगाट दोन्ही सारख्याच पटीने मोठे करतो. त्यांचे परस्परप्रमाण अंतर आणि दिशा यांवर ठरते.

तरीही गोंगाटाच्या घरात डायनॅमिक घ्यावा, या सल्ल्यात तथ्य आहे. त्याचे कारण असे की डायनॅमिक जवळून वापरण्यासाठीच घडवलेला असतो, त्याची जाळी फुंकर अडवते, आणि तोंडाजवळ आणल्यावर तो कंडेन्सरइतका चिडत नाही. रिबन नावाचा तिसरा प्रकारही आहे, पण तो नाजूक असतो आणि पहिल्या खरेदीत त्याचा विचार करण्याची गरज नाही.

४. मायक्रोफोनची पाठ कुठे करायची, हे ठरवावे

घरगुती वापराचे बहुतेक मायक्रोफोन कार्डिऑइड, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या क्षेत्रातला आवाज घेणारे असतात. समोरचा आवाज पूर्ण, बाजूचा सुमारे ६ डेसिबल कमी आणि बरोबर पाठीमागचा सर्वांत कमी, अशी त्यांची रीत आहे. नवखा माणूस मायक्रोफोनचे तोंड स्वतःकडे वळवतो आणि थांबतो. खरे म्हणजे त्याने आधी मायक्रोफोनची पाठ खिडकीकडे करावी आणि मग स्वतः त्याच्या तोंडासमोर जाऊन बसावे.

याला जोडूनच एक सापळा सांगतो, कारण त्यात मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. मोठ्या पडद्याचे बहुतेक कंडेन्सर मायक्रोफोन टोकाकडून नव्हे, तर बाजूने आवाज घेतात. ते उभे धरायचे असतात आणि ज्या बाजूला कंपनीचे चिन्ह किंवा हृदयाची आकृती असते, ती बाजू गायकाकडे हवी. स्टेजवरच्या मायक्रोफोनप्रमाणे त्याच्या शेंड्यात गायले की आवाज पातळ आणि लांबचा येतो, आणि दोष वस्तूला दिला जातो. बारीक दंडुक्यासारखे लहान पडद्याचे कंडेन्सर मात्र टोकाकडूनच ऐकतात.

दिशा ओळखणाऱ्या बहुतेक मायक्रोफोनना आणखी एक खोड असते: तोंड जसजसे जवळ जाते, तसतसा खर्ज फुगत जातो. निवेदकांना हे आवडते. गाताना मात्र एका ओळीत चार बोटांवर आणि दुसऱ्या ओळीत एका वितीवर, अशी मान हलत राहिली, तर एकाच गाण्यात दोन गायक गात असल्यासारखे वाटते.

५. यूएसबी घ्यायचा की इंटरफेससह एक्सएलआर, हे ठरवावे

यूएसबी मायक्रोफोन थेट संगणकाला लागतो, स्वस्त पडतो आणि एका वेळी एकच आवाज मुद्रित करणाऱ्याला पुरतो. घेताना त्यावरच हेडफोनची खाच आहे ना, एवढे पाहावे, म्हणजे स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येण्याचा त्रास होत नाही. त्याची मर्यादा दुसरा मायक्रोफोन घेतला की कळते. दोन यूएसबी मायक्रोफोन एकाच संगणकावर एकाच वेळी चालवणे ही डोकेदुखी असते, कारण प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते आणि लांब गाण्यात ते हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

तीन टोकांचा एक्सएलआर मायक्रोफोन आणि त्यासाठी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोनचा संकेत संगणकात नेणारे उपकरण, हा मार्ग सुरुवातीला महाग वाटतो, पण पुढे वाढवता येतो. इंटरफेस घेताना मायक्रोफोनच्या वाटा किती आहेत, ते मोजावे. फोकसराइट स्कार्लेट सोलोवर दोन खाचा दिसत असल्या, तरी त्यांतली मायक्रोफोनची एकच असते आणि दुसरी वाद्याची किंवा लाइनची. दोन मायक्रोफोनसाठी त्याच मालिकेतला टू-आय-टू लागतो. ज्यांना भविष्यात गाणे आणि वादन एकत्र मुद्रित करायची थोडीशीही इच्छा आहे, त्यांनी दोन वाटांचाच घ्यावा.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे गेन, अर्थात क्षीण संकेत किती मोठा करता येतो ती क्षमता. पॉडकास्टच्या चित्रफितींमुळे घराघरांत पोचलेला शुअर एसएम-७बी हा डायनॅमिक मायक्रोफोन इतका क्षीण संकेत देतो की त्यासाठी किमान ६० डेसिबल गेन असावा, अशी शिफारस खुद्द कंपनी करते. प्राथमिक इंटरफेसवर तो लावला की मूठ शेवटपर्यंत फिरवावी लागते आणि आवाजाबरोबर सळसळही वर येते. तो मायक्रोफोन उत्तमच आहे, पण पहिल्या खरेदीसाठी मी तो सुचवत नाही.

एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला गिटारची जाड पिन असलेली केबलही कंडेन्सरसाठी घेऊ नये. त्या वाटेने फँटम पॉवर पोचत नाही आणि मायक्रोफोन मुका राहतो. साडेतीन मिलिमीटरच्या बारीक पिनेसह येणाऱ्या अतिस्वस्त ‘स्टुडिओ संचां’बाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

६. आवाजासाठी निवड

खोली शांत असेल, तर मोठ्या पडद्याचा कार्डिऑइड कंडेन्सर घ्यावा. त्याच्या माहितीपत्रकात ‘सेल्फ नॉइज’ नावाचा आकडा असतो, म्हणजे मायक्रोफोनचा स्वतःचा सळसळाट. एटी-२०२० चा हा आकडा २० डेसिबल, त्याच्या थोरल्या भावाचा, एटी-२०३५ चा, १२, तर रोड एनटी-१ चा अवघा ४ आहे. मात्र रस्त्याकडेच्या घरात रात्रीसुद्धा खोलीचा स्वतःचा गोंगाट यांपैकी सर्वांपेक्षा वर असतो, त्यामुळे गाण्यासाठी ४ आणि १२ यांतला फरक तिथे ऐकूच येत नाही. तो आकडा मोलाचा ठरतो तो हळू वाजवलेल्या गिटारसाठी. खोली गोंगाटाची असेल, तर एसएम-५८ किंवा त्या जातीचा डायनॅमिक चार ते सहा बोटांवरून वापरावा आणि वरच्या पट्टीतली थोडी चमक गमावल्याचे दुःख करू नये.

प्रत्येक आवाजाला प्रत्येक मायक्रोफोन शोभत नाही. ज्यांचा ‘स’ आणि ‘श’ आधीच धारदार आहे, त्यांच्या आवाजाला वरची पट्टी उजळवणारा स्वस्त कंडेन्सर जाचक ठरतो. इंग्रजी समीक्षणांतले नमुने ऐकून याचा अंदाज येत नाही, कारण आपली भाषा मायक्रोफोनला वेगळ्या ठिकाणी छळते. मराठीत महाप्राण व्यंजनांची रेलचेल आहे. ‘फ’, ‘भ’, ‘ख’, ‘ठ’ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि पडद्यावर धप्पकन आदळतो. मी चाचणीसाठी पुढील निरर्थक वाक्य वापरतो: “पहाटे भाऊ फाटकापाशी पोचला, तर बाभळीची फांदी पडलेली, शेवटी सोलापूरच्या शिंप्याने साडीसाठी शंभर सुया शोधल्या.” पहिल्या अर्ध्यात धपधप झाली, तर पॉप फिल्टर (मायक्रोफोनसमोरची झोत अडवणारी जाळी) किंवा अंतर यांत सुधारणा हवी. दुसऱ्या अर्ध्यात दातांतून शिट्टी वाजली, तर मायक्रोफोन तोंडासमोरून जरा बाजूला, गालाच्या रेषेत आणावा; तरीही ती गेली नाही, तर दुसरा मायक्रोफोन पाहावा. मुंबईत धोबी तलावच्या आसपास किंवा पुण्यातल्या वाद्यांच्या दुकानांत विनंती केली तर मायक्रोफोन लावून दाखवतात. तिथे हे वाक्य मोठ्याने म्हणायला लाज वाटते, हे मान्य आहे, तरी म्हणावे.

७. गिटारसाठी निवड आणि जागा

गिटारसाठी लहान पडद्याचा कंडेन्सर हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. रोड एम-५ किंवा एनटी-५ या जातीचे मायक्रोफोन तारेचा छेडतानाचा क्षण स्वच्छ टिपतात आणि बाजूने येणाऱ्या आवाजाचा रंगही फारसा बिघडू देत नाहीत. पण एकच मायक्रोफोन घ्यायचा असेल, तर मोठ्या पडद्याचा कंडेन्सर गाणे आणि गिटार दोन्ही सांभाळतो, आणि मी तोच मार्ग सुचवेन. एसएम-५७ हा इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरसमोर जगभर लावला जातो आणि तिथे तो अप्रतिम आहे. बोटांनी हळुवार वाजवलेल्या अकूस्टिक गिटारसाठी मात्र गेन इतका वाढवावा लागतो की इंटरफेसची सळसळ ऐकू येऊ लागते. पिकने जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

मायक्रोफोनच्या नावापेक्षा त्याची जागा महत्त्वाची, हे गिटारइतके दुसरे कोणतेही वाद्य स्पष्ट दाखवत नाही. गिटारच्या पोटावरच्या गोल भोकासमोर मायक्रोफोन धरणे ही पहिली स्वाभाविक चूक आहे. त्या भोकातून १०० हर्ट्झच्या आसपासची हवा ढुसण्या देत बाहेर पडते आणि ध्वनिमुद्रण हंड्यात बोलल्यासारखे घुमते. त्याऐवजी मान जिथे पोटाला मिळते तिथे, म्हणजे साधारण बाराव्या फ्रेटसमोर, एका वितीपेक्षा थोड्या जास्त, २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर मायक्रोफोन ठेवून त्याचे तोंड किंचित भोकाच्या दिशेने वळवावे. आवाज फार पातळ वाटला तर तो दोन बोटे भोकाकडे सरकवावा, जाडा वाटला तर दोन बोटे मानेकडे. हे सरकवणे मित्राने करावे आणि आपण हेडफोन लावून वाजवत राहावे. स्वतः उठून सरकवणाऱ्याला मधला फरक कधीच कळत नाही.

गिटारला आधीच पिकअप असेल, तर ‘मायक्रोफोन कशाला, केबल लावू’ असे वाटते. खोगिराखालच्या पिकअपचा आवाज स्टेजवर उपयोगी असला, तरी एकट्याने ऐकताना तो बदकासारखा क्वॅक करतो. तो राखीव म्हणून मुद्रित करावा, त्यावर विसंबू नये. तारा जुन्या असतील तर आधी त्या बदलाव्यात. पंधरा दिवस घाम लागलेल्या तारांना कोणताही मायक्रोफोन तजेला देऊ शकत नाही. प्लास्टिकची खुर्ची, शर्टाची बटणे आणि मनगटावरचे घड्याळ हे तिघेही गिटारबरोबर वाजतात.

८. गाणे आणि वादन एकाच वेळी

इथे दोन मायक्रोफोन लावले की प्रत्येकात दुसऱ्याचा आवाज गळतो, आणि गळतीपेक्षा वाईट असा वेळेचा फरक पडतो. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. गाण्याचा आवाज गिटारच्या मायक्रोफोनपर्यंत तेवढ्या उशिरा पोचला आणि दोन्ही वाटा एकत्र केल्या, की ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज स्वतःलाच खोडतो आणि गाणे नळीतून आल्यासारखे पोकळ होते. दोन मायक्रोफोनमधले अंतर हे प्रत्येकाच्या आपापल्या उगमापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे, असा नियम सांगितला जातो. पण गाणाऱ्याचे तोंड आणि त्याच्याच मांडीवरची गिटार यांत मुळातच दीड-दोन फूट असतात, म्हणून तो नियम पाळताना दोन्ही मायक्रोफोन आपापल्या उगमाच्या फार जवळ आणावे लागतात.

यावर सर्वांत चांगला उपाय ‘फिगर-ऑफ-एट’ प्रकारच्या मायक्रोफोनचा आहे. तो पुढून आणि मागून ऐकतो आणि दोन्ही बाजूंनी, बरोबर काटकोनात, जवळजवळ बहिरा असतो. असे दोन मायक्रोफोन घेऊन गाण्याच्या मायक्रोफोनची बहिरी बाजू गिटारकडे आणि गिटारच्या मायक्रोफोनची बहिरी बाजू तोंडाकडे वळवली, की गळती थक्क करणारी कमी होते. मात्र पाठीमागून खोलीही ऐकली जाते, त्यामुळे गोंगाटाच्या घरी हा उपाय उलटतो, आणि दिशा बदलता येणारे दोन मायक्रोफोन महागही पडतात.

म्हणून मी बहुतेकांना एकाच मायक्रोफोनची जुनी युक्ती सुचवतो. शांत वेळ निवडून एक कंडेन्सर छातीच्या उंचीवर, दोन ते अडीच फुटांवर ठेवावा आणि आवाज व गिटार यांचा तोल मायक्रोफोन वर-खाली करून साधावा. गाणे दबले तर तो वर, गिटार दबली तर खाली. नंतर दुरुस्ती करता येत नाही, हा यातला तोटा आहे, आणि त्यामुळेच गायक नीट सराव करून बसतो.

९. खरेदी करताना

एकूण रकमेतली निम्म्याहून जास्त रक्कम मायक्रोफोनवर घालवू नये. त्याच्याबरोबर पुढील वस्तू लागतातच:

– आडवा दांडा असलेला, जड बुडाचा स्टँड. हलका स्टँड कंडेन्सरच्या वजनाने कलंडतो.
– तीन ते पाच मीटरची चांगली एक्सएलआर केबल.
– पॉप फिल्टर.
– कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन, म्हणजे ताल मायक्रोफोनमध्ये गळत नाही.
– दोन जाड गोधड्या आणि त्या टांगायला दोरी.
– इंटरफेस आणि ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी मोफत आहे आणि सुरुवातीला पुरेसे आहे.

कागदपत्रांत जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, वॉरंटी कार्ड आणि खोका, वस्तू व बिल यांवरच्या अनुक्रमांकांचे छायाचित्र जपून ठेवावे. ऑनलाइन खरेदीत विक्रेता अधिकृत आहे का, ते कंपनीच्या यादीत पाहावे. एसएम-५८ च्या हुबेहूब नकला जगभर विकल्या जातात. अस्सल मायक्रोफोनचे वजन २९८ ग्रॅम असते आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते तपासता येते. वजन जमले म्हणजे वस्तू अस्सल ठरत नाही, पण ते फार कमी भरले तर लगेच परत करावी.

१०. परतीची मुदत संपण्याआधी तपासणी, आणि पावसाळा

खोका उघडल्यावर आधी केबल जोडावी, गेन शून्यावर आणावा आणि मगच फँटम पॉवर सुरू करावी. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवून गाण्यातली सर्वांत जोरकस ओळ म्हणावी, आणि मापकाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन द्यावा. हिरव्यातून लालपर्यंत पट्टी भरण्याचा हव्यास धरू नये, कारण २४ बिटमध्ये हळू मुद्रित केलेला आवाज नंतर निर्धास्त वाढवता येतो, फाटलेला मात्र शिवता येत नाही. एकसुरी घुमघुम ऐकू आली, तर ती बहुधा घरच्या ५० हर्ट्झ विजेची असते; लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे आणि घुमघुम थांबली, तर मायक्रोफोन परत करण्याऐवजी घरातले अर्थिंग तपासून घ्यावे.

कंडेन्सर घेणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर विशेष काळजी घ्यावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत पडद्यावर ओलावा बसला की विद्युत्-भार झिरपू लागतो आणि ध्वनिमुद्रणात मधूनच पापड मोडल्यासारखी करकर येते. मायक्रोफोन स्टँडवर उघडा ठेवू नये. काम झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवाव्यात किंवा बदलाव्यात. करकर सुरू झालीच, तर तो त्याच डब्यात एक-दोन दिवस बंद ठेवावा, ती बहुधा थांबते. केस वाळवायचे यंत्र मात्र त्यावर कधीही धरू नये.